कृष्णधवल डार्करूमचे शिक्षण

फिल्मवर टिपलेले दृश्य रसायनांनी धुऊन निगेटिव्ह, म्हणजे काळे-पांढरे उलटलेली प्रतिमा, तयार करणे आणि त्या निगेटिव्हवरून कागदावर हाताने प्रिंट काढणे, या दोन कामांचे कलाशाळेत दिले जाणारे प्रत्यक्ष शिक्षण. कॅमेरा डिजिटल झाल्यावर बऱ्याच संस्थांनी डार्करूमला, म्हणजे या कामाच्या अंधाऱ्या खोलीला, कुलूप लावले, काहींनी ती जपली. जिथे ती आहे तिथे चित्रकला, उपयोजित कला आणि मुद्राचित्रणाचे विद्यार्थीही येतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ओळखायला आणि त्यांतली कोणती कुठे हवी हे ठरवायला इतक्या थेटपणे शिकवणारे दुसरे काम कलाशाळेत क्वचितच सापडेल.

फिल्म काय किंवा प्रिंटचा कागद (ब्रोमाइड पेपर) काय, दोन्हींवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांत डोळ्यांना न दिसणारी सुप्त प्रतिमा तयार होते. डेव्हलपर त्या स्फटिकांची काळी चांदी करतो, सौम्य ॲसिटिक आम्लाचा स्टॉप बाथ ती क्रिया थांबवतो आणि फिक्सर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला हायपो, उरलेले हॅलाइड विरघळवून काढतो. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला होता. छायाचित्र टिकवण्यासाठी त्याचा उपयोग मात्र १८३९ मध्ये सुरू झाला. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत इंग्रज संशोधक टॅलबट यांची. तिचे पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतले.

मुंबईत हे शिक्षण फार लवकर पोहोचले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला. पुढे नावाजलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गात शिकले. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि छायाचित्रणाची रसायने तिथे त्यांच्या हाती आली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि घर सांभाळून त्यांनी ती केली. मराठी माणसाच्या डार्करूमचा इतिहास लिहायचा तर त्यांचे नाव पहिल्या पानावर यायला हवे.

युरोप-अमेरिकेत कलाशाळेच्या अभ्यासक्रमात छायाचित्रण रुजायला विसावे शतक उजाडले. जर्मनीत डेसाऊच्या बाउहाउस या कलाशाळेत १९२९ पासून वाल्टर पीटरहान्स यांनी छायाचित्रणाचा स्वतंत्र वर्ग चालवला. लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास, कोणती छटा कुठे हवी हे आधी ठरवून प्रकाश देण्याची झोन सिस्टिम बसवली. तिच्यात शुद्ध काळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंत शून्य ते दहा असे अकरा पट्टे कल्पिले आहेत. मधला, पाच क्रमांकाचा, म्हणजे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा राखाडी. ही पद्धत विद्यार्थ्यांना शिकवता यावी म्हणून घडली, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

पहिल्या तासाला बहुतेक ठिकाणी कॅमेरा लागतच नाही. कागदावर पान, चावी, काचेचा पेला असे काहीही ठेवायचे, क्षणभर दिवा लावायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा. याला फोटोग्राम म्हणतात. बाउहाउसचे शिक्षक मोहोली-नाज यांनी आपल्या अध्यापनात त्याला मोठे स्थान दिले. झाकला तिथे पांढरा, उघडा तिथे काळा आणि पेल्याच्या काचेतून मधल्या साऱ्या छटा. निगेटिव्ह-पॉझिटिव्हचे गणित एवढ्यात डोक्यात बसते.

त्यानंतर रोल धुणे. फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे ती रिळावर चढवताना संपूर्ण अंधार लागतो. म्हणून आधी वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून सराव करतात. पावसाळ्यात प्लास्टिकचे रीळ दमट राहिले की फिल्म मध्येच अडकते, तेव्हा रीळ पूर्ण कोरडे असणे महत्त्वाचे. डेव्हलपर म्हणून कोडॅकचा १९२७ पासूनचा डी-७६ किंवा त्याच्याच जातीचा इलफर्ड आयडी-११ वापरतात. डी-७६ सुट्या पावडरींपासूनही बनतो: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, त्यामुळे आधी सल्फाइटची फक्त एक चिमूट, मग मेटॉल आणि त्यानंतरच उरलेले सल्फाइट टाकायचे. हा क्रम ज्याने एकदा हाताने पाळला त्याला कोणता घटक काय करतो हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

धुण्याचे तक्ते २० अंश सेल्सिअस धरून छापलेले असतात. इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म मूळ ताकदीच्या आयडी-११ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे घेते. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांवर असते. तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून तापमान खाली आणतात. द्रावणात बर्फ टाकायचा नाही, त्याने ते पातळ होते. डेव्हलपर थंड आणि धुण्याचे पाणी गरम असा मोठा फरक पडला तर जिलेटिनला जाळीदार सुरकुत्या येऊ शकतात, म्हणून सगळी पाणी जवळपास सारख्या तापमानाची ठेवतात.

निगेटिव्ह वाळल्या की ३६ चित्रांचा रोल ८ x १० इंच कागदावर दाबून कॉन्टॅक्ट शीट काढतात. खरा अभ्यास त्यानंतर, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली सुरू होतो. कागद निळ्या-हिरव्या प्रकाशालाच प्रतिसाद देतो, त्यामुळे इथे लाल किंवा अंबर सेफ लाइट चालतो आणि शिक्षक-विद्यार्थी एकाच ट्रेवर वाकून बोलू शकतात.

कागदाची अरुंद पट्टी चित्राच्या अशा भागावर ठेवतात जिथे चेहरा, आकाश, गडद सावली असे सगळे थोडे थोडे सापडेल. काळा पुठ्ठा सरकवत तिला वाढता प्रकाश देतात. हीच टेस्ट स्ट्रिप. नवखा विद्यार्थी ५, १०, १५, २०, २५ सेकंद असे टप्पे घेतो. पाच ते दहा म्हणजे प्रकाश दुप्पट, वीस ते पंचवीस म्हणजे जेमतेम पाव वाढ, त्यामुळे पट्टीच्या एका टोकाला उडी आणि दुसऱ्या टोकाला फरकच दिसत नाही. त्याऐवजी एकूण वेळ ४, ५.६, ८, ११, १६, २२ सेकंद ठेवली की प्रत्येक टप्पा सारख्याच अंतराचा वाटतो. हे आकडे कॅमेऱ्याच्या भिंगाच्या कड्यावर त्याला ओळखीचे असतातच. कागद डेव्हलपरमध्ये पूर्ण मुदतभर ठेवायचा. रेझिन-कोटेड (प्लास्टिकचा लेप असलेल्या) कागदाला साधारण एक मिनिट, फायबर (लेप नसलेल्या) कागदाला दोन. लाल उजेडात प्रिंट असते त्याहून काळी भासते, आणि घाबरून ती लवकर उचलली की काळ्याला खोली येत नाही, सगळे चित्र मळकट राखाडी राहते. पट्टीचा निवाडा फिक्सरनंतर पांढऱ्या उजेडात करायचा, तोही फायबर कागद वाळल्यावर किंचित गडद होतो हे धरून.

काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, बदलता येणाऱ्या मल्टिग्रेड कागदाला ०० ते ५ क्रमांकांचे फिल्टर लागतात. जुन्या प्रिंटरांचा नियम साधा आहे: उजळ भाग वेळेने ठरवा, काळे भाग फिल्टरने. मग येतात डॉजिंग आणि बर्निंग. तारेच्या टोकाला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखाद्या भागावरचा प्रकाश अडवायचा, किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून एखाद्या भागाला जादा प्रकाश द्यायचा. हात सतत हलता हवा, नाहीतर कडा उमटते. एका फिकट प्रिंटवर पेन्सिलीने ‘आकाश +८, हात −३’ असा सेकंदांचा नकाशा लिहून ठेवतात. ॲडम्स यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाची निगेटिव्ह एकच, पण सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात ढगांचे फिके पट्टे दिसतात आणि पुढच्या दशकांतल्या प्रिंटांत तेच आकाश जवळजवळ काळे होत गेले. विद्यार्थ्याने दहा निगेटिव्हची एकेक प्रिंट काढण्यापेक्षा एका निगेटिव्हच्या दहा काढाव्यात, हा शिक्षकांचा आग्रह अगदी योग्य आहे. एकाच चित्रापाशी थांबल्याशिवाय मत तयार होत नाही.

खर्च हीच आज मोठी अडचण. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा (स्थापना १९६०) ‘इंदू’ माल विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला होता. तो कारखाना बंद पडला. कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणे २००५ मध्ये थांबवले. आता मुख्य आधार इंग्लंडच्या इलफर्डचा आणि चेक प्रजासत्ताकातल्या फोमाचा, म्हणजे माल आयात केलेला. त्यामुळे मोठा कागद कापून लहान प्रिंटवर सराव करणे रूढ आहे, आणि त्यात शिकण्याचे काही बिघडत नाही.

मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येते, म्हणून कागद चिमट्याने किंवा हातमोजे घालून हाताळावा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि खोलीत हवा खेळती असावी. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, ते नाल्यात जाऊ देऊ नये. कॅनमध्ये साठवून ते लोखंडी तारांच्या चोथ्यातून सोडले की चांदी वेगळी होते. जुन्या एक्स-रे फिल्मांतून चांदी काढणारे व्यावसायिक असे फिक्सरही घेतात.