लाटा हलतात, रडारचं चित्र सरकतं: पार्श्वभूमी

जून १९७८मध्ये समुद्र निरखणारा अमेरिकी उपग्रह सीसॅट अवकाशात गेला आणि वीजपुरवठ्यातल्या बिघाडानं ऑक्टोबरात बंद पडला. तेवढ्या काळात त्याच्या सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडारनं (उपग्रह पुढे जाताना आलेले प्रतिध्वनी जोडून बारीक चित्र बनवणारं रडार) टिपलेल्या चित्रांत खुल्या समुद्रावरच्या लाटांच्या रेघा उमटल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षं संशोधकांत तंटा चालला: या रेघा लाटेच्या कोणत्या वेगामुळे उमटतात?

खोल पाण्यात २०० मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे १८ मीटर पुढे जाते. पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. लाट ३ मीटर उंच असली तरी पाण्याचा हा वेग सेकंदाला १ मीटरही भरत नाही. पण हे रडार जागा ठरवतं ती डॉप्लरवरून, म्हणजे हालचालीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून. सीसॅटच्या उंचीवरून सेकंदाला १ मीटरची हालचाल चित्रातली जागा शंभर मीटरांहून जास्त सरकवते.

एका गटाचं म्हणणं असं, की फोकस लाटेच्या पुढे जाण्याला धरून बदलला की रेघा ठळक होतात, म्हणजे तोच वेग खरा. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष नव्हता. रडारला उत्तर देतं ते पाणी. लाटेचा नुसता आकार नव्हे. पाण्याच्या फिरण्यानं काही ठिपके चित्रात एकत्र येतात, काही पांगतात आणि रेघ तयार होते. फोकस बदलून फायदा व्हायचा, कारण नोंद चालू असतानाच्या दोन-अडीच सेकंदांत ती रेघ पुढे गेलेली असायची. १९८०च्या दशकाच्या मध्यावर बहुतेकांनी हे मान्य केलं. ती वर्षं वाया गेली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. खवळलेल्या समुद्रात उड्डाणाच्या दिशेनं जाणाऱ्या आखूड लाटा चित्रातून पुसल्या का जातात, हे त्याच वादातून नीट कळलं.

१९९१च्या ईआरएस-१ या युरोपीय उपग्रहापासून लाटांच्या चित्रांचे छोटे तुकडे नियमित टिपले जाऊ लागले. पुसलेला भाग भरायला मात्र संगणकीय प्रारूपाचा अंदाज घ्यावा लागे, आणि असा आकडा त्याच प्रारूपाच्या तपासणीला वापरणं चुकीचंच होतं. पुढे एन्व्हिसॅट हा उपग्रह आला, २०१४पासून सेंटिनेल-१. लाटा कुठपासून पुसल्या जातात यावरूनच आता समुद्र किती खवळला आहे हे काढता येतं. २०१८च्या सीएफओसॅट उपग्रहानं तर लाटांसाठी सिंथेटिक अ‍ॅपर्चर टाळून फिरता झोत वापरला.

समुद्राची उंची मोजणारी रडारंही यातून सुटलेली नाहीत. लाटेच्या शिखरापेक्षा खळग्यातून जास्त प्रतिध्वनी येतो, म्हणून पातळी खरीपेक्षा खाली भरते आणि दुरुस्ती करावी लागते. २०२०च्या सेंटिनेल-६सारख्या, सिंथेटिक अ‍ॅपर्चर वापरणाऱ्या नव्या पद्धतीच्या उंचीमापकांत पाण्याच्या वर-खाली हालचालीनं डॉप्लर धूसर होतो आणि लाटांची उंची जास्त दिसते. जुन्या उपग्रहांच्या नोंदींना या नोंदी जोडण्याआधी तो फरक काढून टाकावाच लागतो.