स्लीव्हमोर दुष्काळात एकदम ओस पडलं नाही

आयर्लंडच्या मेयो परगण्यात, अकिल बेटावर स्लीव्हमोर नावाची वाडी आहे. डोंगराच्या पायथ्याशी ८०-१०० दगडी घरांच्या नुसत्या भिंती उरल्यात. फोटोखाली हमखास लिहिलेलं असतं: १८४५ साली बटाट्याचं पीक रोगाने गेलं, त्यातून पडलेल्या दुष्काळात अख्खं गाव संपलं. फोटो सुंदर असला की चौकशी कोण करतं!

दुष्काळाने आणि जमिनीच्या भाड्याच्या ओझ्याने लोक हलले, हे खरंच. पण बरेचजण जवळच्याच डुआ गावी, समुद्राकाठी गेले. तिथे मासळी तरी मिळायची. जुनी घरं त्यांनी टाकून दिली नाहीत. उन्हाळ्यात गुरं चारायला माणसं इथेच मुक्कामाला यायची, थेट विसाव्या शतकापर्यंत. बटाट्याचे सरी-वरंबे आजही गवताखाली ओळखू येतात.