उबंटू अपडेटनंतर सॉफ्टवेअरची विंडो काळी दिसत असेल तर

उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेल्यावर आमच्या ग्राहकांचा एक फोन हमखास येतो: "डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू होतं, पण विंडो काळीच राहते." अशा वेळी मशीन बिघडलेलं नसतं आणि सॉफ्टवेअरही. एकाच नावाच्या दोन लायब्रऱ्यांची, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलींची, गाठ पडलेली असते.

बाहेरून आणलेली बरीच सॉफ्टवेअर आपला शिधा बरोबर घेऊनच येतात. त्यांच्या लिब फोल्डरमध्ये लिबस्टडसीप्लसप्लस डॉट एसओ डॉट ६ नावाची फाइल सापडेल. याच नावाची फाइल उबंटूकडेही आहे आणि २००४ पासून हे नाव बदललेलं नाही. चालू प्रोग्रॅममध्ये या नावाची फाइल एकदाच उघडली जाते. सॉफ्टवेअरनं स्वतःची जुनी प्रत आधी उघडली, की मागून येणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरलाही, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागालाही, तीच घ्यावी लागते. ड्रायव्हर उबंटूचा, नवा. त्याला हवं ते जुन्या प्रतीत नसतं. सॉफ्टवेअर टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोतून, सुरू करा. 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० नॉट फाउंड' अशी ओळ आली, तर दुखणं हेच. लायब्ररीची ही आवृत्ती २०२२ च्या जीसीसी १२ या कंपायलरबरोबर (प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाबरोबर) आली.

उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधल्या प्रतीचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. मग ते उबंटूची प्रत उचलतं. या लायब्ररीची नवी प्रत जुन्या प्रोग्रॅमना चालते, म्हणून हे बिनधोक करता येतं. सॉफ्टवेअर अपडेट झालं की जुनी प्रत परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा नाव बदला.

उलटं मात्र कधीही करू नका. एका छापखान्यात कुणीतरी सॉफ्टवेअरमधली जुनी प्रत उबंटूच्या फाइलवर चढवली. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप उघडेना, सॉफ्टवेअर बसवणारं ॲप्टही चालेना. शेवटी पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू करून मूळ फाइल जागेवर ठेवली, तोवर छपाईचा अर्धा दिवस गेला होता. लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सांगणारा एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, कायमचा लिहू नका, त्यामुळे टर्मिनलमधून सुरू होणारे बाकीचे प्रोग्रॅमही भरडले जातात. लागलाच तर त्या एका सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये लिहा.

नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचं प्रकरण वेगळं. १.१ आणि ३ यांच्या फाइलींची नावंच निराळी असल्यानं दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एकीच्या नावाची लिंक दुसरीला जोडू नका. पण १.१.१ ची मोफत देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला संपली. सॉफ्टवेअरच्या पोटात ती प्रत असेल, तर उबंटूचं अपडेट तिथवर पोहोचत नाही. बँकेचे किंवा ग्राहकांचे तपशील हाताळणारं सॉफ्टवेअर असेल, तर बनवणाऱ्या कंपनीकडे नवी आवृत्ती आवर्जून मागा.

आम्हाला फोन करण्याआधी टर्मिनलमधल्या त्या ओळीचा फोटो काढून ठेवा, आणि आम्ही बघेपर्यंत उबंटूच्या फाइलींना कुणाला हात लावू देऊ नका.