रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ: कोकणातल्या रेडिओची पार्श्वभूमी

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता. नीट ऐकू येण्याची हद्द साधारण ४८ किलोमीटर. फार तर अलिबागपर्यंत आवाज पोचायचा. त्याखालचं कोकण या हिशेबात धरलेलंच नव्हतं. दक्षिण टोकाला ऐकू यायची ती पोर्तुगीजांनी १९४६ साली सुरू केलेली 'एमिसोरा द गोवा'. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने गोव्यातल्या बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला आणि ९ जानेवारी १९६२ पासून पणजीहून आकाशवाणी बोलू लागली. रत्नागिरीला स्वतःचं केंद्र मिळायला मात्र १९७७ उजाडलं.

हे केंद्र मध्यम लहरींवरचं (मीडियम वेव्ह), ११४३ किलोहर्ट्झचं. कोकणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते आणि वाटेतली जमीन विजेची जितकी चांगली वाहक, तितकी ती लांब जाते. खाऱ्या पाण्याइतकी चांगली वाहक वाट दुसरी नाही. कोरड्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तीच लहर लवकर दमते. त्यामुळे संध्याकाळचं हवामान आणि वादळाचा इशारा घाटाच्या पायथ्यापेक्षा समुद्रातल्या होडीवर जास्त स्वच्छ ऐकू यायचा. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, जाळं टाकायचं की बंदर गाठायचं हे ठरवायला दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर पुरे व्हायचा. केंद्राचं खरं मोल इथे आहे, असं आम्ही मानतो.

सेट कसा ठेवायचा यालाही शास्त्र आहे. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटची अँटेना, सेटच्या लांबीला समांतर असते आणि केंद्राच्या दिशेशी काटकोनात आली की आवाज भरून येतो. कोकणपट्टी दक्षिणोत्तर, किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांना रत्नागिरी एक तर उत्तरेला, नाही तर दक्षिणेला. म्हणून सेटची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की नुसती खरखर.

या लहरीची लांबी सुमारे २६२ मीटर, आणि पाव लहरीचा मनोरा म्हणजे ६५ मीटरच्या आसपास उंची. असा मनोरा स्वतःच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा राहतो, आणि त्याच्या बुडाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात, साधारणपणे १२०. जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून उन्हाळ्यात जमिनीचा रोध वाढतो आणि काही शक्ती माती तापवण्यात वाया जाते. मनोऱ्याला तोलून धरणाऱ्या ताणांच्या इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो. वळवाची पहिली सर आली की तो ओला होऊन ठिणग्या उडतात आणि प्रक्षेपक आपोआप बंद पडतो. इन्सुलेटर मे महिन्यात पुसून घ्यायचे ते एवढ्यासाठी.

लहान गावाला स्वतःचा रेडिओ, म्हणजे सामुदायिक रेडिओ, काढण्याची वाट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी खुली झाली. प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवान्याची मुभा मिळाली. मर्यादा अशी: प्रभावी शक्ती १०० वॅट, अँटेना जमिनीपासून १५ ते ३० मीटर. व्यवहारात ५० वॅटचा प्रक्षेपक आणि ताकद दुप्पट करणारी अँटेना, असा मेळ बसवतात.

पण हे एफएम. ते नजरेच्या रेषेत चालतं. १०० मीटर उंच सड्यावर ३० मीटरचा मनोरा उभारला, तर समुद्राकडे क्षितिज ५० किलोमीटरपर्यंत मोकळं. १०० वॅटचा भरवशाचा आवाज मात्र १०-१५ किलोमीटरच. आणि त्याच सड्याच्या मागे, खाडीकाठच्या तीन किलोमीटरवरच्या वाडीत, काहीच येत नाही. जागा ठरवण्याआधी वाडीवाडीत सेट घेऊन फिरायला हवं.

खारी हवा इथेही सोडत नाही. केबल अँटेनाला जिथे जोडते त्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की शक्ती परत फिरते. ही परतफिरती मोजणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर; तो १.५ असेल तर ४ टक्के परत येते, २ झाला की ११ टक्के. प्रक्षेपक मग स्वतःला वाचवायला शक्ती उतरवतो आणि गावाला वाटतं केंद्र बंद पडलं. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, त्यावर पीव्हीसी टेप. टेप खालून वर चढवत न्यावी, कौलं लावतो तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी आत न जाता ओघळतं. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा.

गेल्या काही वर्षांत आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने देशभरातले बरेच जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले. शहराला एफएम पुरतं. कोकणात मात्र सड्यामागची वाडी आणि खोल समुद्रातली होडी, दोघांनाही एकाच मनोऱ्यावरून गाठणारी दुसरी सोय अजून कुणी उभी केलेली नाही.