बर्फ पडला, पण कधी?

मराठीत फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतात आणि आभाळातून भुरभुरत येतो त्यालाही बर्फच. काश्मिरीत मात्र पडतो तो ‘शीन’ आणि गोठलेला तो ‘यख’. डिसेंबर उजाडला की गुलमर्ग-मनालीला निघालेली आपल्याकडची मंडळी एकच विचारतात, ‘बर्फ मिळेल ना?’ तिथली माणसं विचारतात, कधी पडेल आणि टिकेल का? त्यांचं हे विचारणं फार जुनं आहे.

नीलमतपुराण हा काश्मीरचा जुना संस्कृत ग्रंथ, इतिहासकार कल्हणाच्याही आधीचा. बाराव्या शतकात राजतरंगिणी हा काश्मीरच्या राजांचा इतिहास रचताना कल्हणाने त्याचा आधार घेतला. त्यात कथा आहे, की पूर्वी काश्मीर खोऱ्यात माणसं वर्षातले सहाच महिने राहत. थंडीचे सहा महिने खोरं पिशाचांचं. पुढे वर मिळाला आणि माणसं बारमाही राहू लागली. याच ग्रंथात पहिल्या हिमपाताचा उत्सवही सांगितलाय: उबदार कपडे घालून ताज्या बर्फावर बसायचं, हिमालयाची पूजा करायची, गाणं-बजावणं करायचं. धास्ती आणि आनंद असे शेजारी शेजारी नांदतात.

राज्यकर्त्यांनी त्यातली धास्ती तेवढी उचलली. १५८६ मध्ये काश्मीर मोगलांकडे गेलं, पण बादशहांना ओढ होती ती तिथल्या वसंताची आणि उन्हाळ्याची. १८७२ पासून जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह यांचा दरबार हिवाळा आला की श्रीनगरहून जम्मूला उतरू लागला. मागे खोऱ्यात उरत ती सामान्य माणसं, आणि बर्फाचं खरं ज्ञान त्यांच्याकडेच राहिलं. त्यांनी हिवाळ्याची वाटणी करून ठेवलीय: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, शेवटचे दहा ‘चिल्लई बच्चा’. उन्हाळ्यातच दुधी, वांगी, टोमॅटो कापून वाळवून ठेवायचे. फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, छोटी शेगडीच ती. आणि पहिला बर्फ पडला की एक गंमत: चिमूटभर बर्फ कागदात गुंडाळून मित्राच्या किंवा नव्या सोयऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने बेसावधपणे घेतला, तर मेजवानी त्याच्याकडून!

चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांतल्या बर्फाला मान आहे, कारण कडाक्याच्या थंडीत तो डोंगरावर घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळत ओढ्यांना, भातखाचरांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला बर्फ भराभर वितळून जातो. आणि अवेळी आलेला तर घातच करतो. नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीलाच काश्मीरमध्ये जोरदार बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर पानं अजून तशीच होती. निष्पर्ण फांदीवरून बर्फ घसरतो, पानांवर तो साचत जातो. त्या भाराने फांद्या मोडल्या, काही ठिकाणी खोडंच उभी चिरली. सफरचंदाचं झाड भरात यायला कितीतरी वर्षं लागतात. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच झालं.

हिमाचलच्या बागायतदारांच्या तोंडी बर्फासाठी ‘सफेद खाद’ हा शब्द आहे, म्हणजे पांढरं खत. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून येऊन इथलाच झालेल्या माणसाने १९१६ च्या सुमारास कोटगढ भागात रेड डिलिशस लावलं आणि शिमल्याच्या वरच्या पट्ट्याचं नशीब या झाडाशी बांधलं गेलं. झाडाला नीट फुलायला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, जातीप्रमाणे कमीजास्त. बर्फ ती थंडी टिकवतो आणि मातीला ओल देतो. पलीकडच्या लाहौलला मात्र याच बर्फाने पिढ्यान्‌पिढ्या कोंडून ठेवलं. रोहतांगची खिंड बंद झाली की महिनोन्‌महिने बाहेरचा रस्ता नाही, आजारी माणूस हलवायचा तरी कसा? ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हा कुठे ती कोंडी फुटली.

लडाखची गोष्ट उलटी. डोंगरांच्या आडोशाला असल्याने लेहला वर्षभराचं पाऊस-बर्फाचं पाणी मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर. म्हणून घरांची छपरं सपाट, मातीची. शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो तो एप्रिल-मेमध्ये. सातूची पेरणी तेव्हा, आणि उंचावरच्या हिमनद्या वितळणार जूनमध्ये. मधला काळ खालच्या उतारांवरच्या बर्फाने निभावतो. तो कमी पडू लागला म्हणून चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून गावांच्या वर, सावलीत, ओढ्याचं पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली. २०१३ मध्ये सोनम वांगचुक यांनी त्याच पाण्याचे उंच शंकू उभे केले, तेच बर्फाचे स्तूप. शंकूला ऊन लागतं थोड्याच पृष्ठभागावर, म्हणून तो पेरणीपर्यंत तग धरतो.

पर्यटकांचा बर्फ या सगळ्यात सगळ्यांत धाकटा. गुलमर्गला इंग्रज येत ते मुख्यतः उन्हाळ्यात, गोल्फसाठी. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. त्यानंतर हिवाळा हाच तिथल्या घोडेवाल्यांचा, स्लेज ओढणाऱ्यांचा, हॉटेलवाल्यांचा कमाईचा हंगाम झाला.

जानेवारी २०२४ मध्ये भूमध्य समुद्राकडून येऊन इथे बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात जवळजवळ आलेच नाहीत. ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी, उघडेबोडके पडले होते. मशिदींमध्ये पावसा-बर्फासाठीची खास नमाज पढली गेली. बर्फ आला तो महिना सरता सरता.