आरोग्यकर्मींची जीवनगुणवत्ता

रुग्णसेवेत राबणाऱ्या माणसांचे शरीर, मन, झोप, घर, नातीगोती आणि कामातून मिळणारे समाधान यांची एकत्रित स्थिती. आरोग्यकर्मी या शब्दात डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर सुईणी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, औषधनिर्माते, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, वॉर्डातले मदतनीस आणि सफाई कामगारही येतात; प्रत्यक्ष अभ्यासांत मात्र पहिल्या दोघांचीच गर्दी असते.

राहणीमान आणि जीवनगुणवत्ता या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. पगार, घर, वाहन यांवरून राहणीमानाचा अंदाज बाहेरून बांधता येतो. जीवनगुणवत्ता त्या माणसालाच विचारावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभाही हाच आहे: आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत जगतो तिच्या संदर्भात, आपली उद्दिष्टे आणि अपेक्षा यांच्या तुलनेत, माणसाला स्वतःचे जगणे कसे दिसते, ते पाहायचे. त्यामुळे उत्तम मिळकत असलेला शल्यचिकित्सक या मोजणीत तळाशी सापडू शकतो आणि बेताच्या पगारावरची परिचारिका वर.

याच संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेने आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य होय, असे म्हटले. त्याच वर्षी जागतिक वैद्यकीय संघाने डॉक्टरांसाठी जिनिव्हा प्रतिज्ञा स्वीकारली. तिच्यात रुग्ण होता, गुरुजन होते, व्यवसायबंधू होते. प्रतिज्ञा घेणाऱ्याची स्वतःची प्रकृती नव्हती. ‘उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याकडे आणि स्वास्थ्याकडे लक्ष देईन’ अशा आशयाचे कलम त्यात यायला २०१७ साल उजाडले. तेही रुग्णसेवेच्या कारणाने आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डॉक्टरला बरे वाटावे, एवढेच कारण पुरेसे मानले गेले नाही.

शब्दांचा इतिहास

या विषयाचा आजचा सगळ्यात चलनी शब्द ‘बर्नआउट’. मराठीत त्याला होरपळ किंवा मानसिक दमणूक म्हणतात, पण रुग्णालयात कोणी तसे बोलत नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द संशोधनात आणला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करताना त्यांनी सहकारी हळूहळू विझत जाताना पाहिले, आणि त्या अवस्थेतून ते स्वतःही गेले. हा शब्द त्या वेळी अमली पदार्थांनी पोखरलेल्या माणसांबद्दल वापरला जाई. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिची तीन अंगे आजही प्रमाण मानली जातात: भावनिक रितेपण, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश आहे, पण रोग म्हणून नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या जुनाट ताणातून उद्भवणारी व्यवसायसंबंधित घटना म्हणून. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. रोग म्हटला की उपचार माणसावर करायचे. कामाची घटना म्हटली की कामाकडे बघावे लागते.

बर्नआउटच्या आसपास आणखी शब्द आहेत आणि ते एकमेकांना पर्याय नाहीत. दुसऱ्याचे दुःख सतत जवळून पाहिल्याने येणारी करुणेची थकावट ही १९९० च्या दशकात, आधी परिचारिकांच्या संदर्भात, चर्चेत आली. ती कामाचा बोजा कमी असतानाही येऊ शकते. नैतिक घुसमट ही संज्ञा अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्ये दिली: काय करणे योग्य ते कळते, पण संस्थेचे नियम, वरिष्ठांचा शब्द किंवा साधनांची कमतरता ते करू देत नाही. वाचण्याची आशा उरलेली नसताना नातलगांच्या किंवा वरिष्ठांच्या आग्रहापायी रुग्णावर यंत्रांचा मारा चालू ठेवणारी आयसीयूतली परिचारिका हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिला आठवडाभर सुट्टी दिली तर थकवा जाईल, घुसमट जाणार नाही.

वैद्यकीय चूक झाल्यावर त्या डॉक्टरची किंवा परिचारिकेची जी अवस्था होते तिला आल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ असे नाव दिले. झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे फिरत राहणे, आपल्या हातांवरचा विश्वास जाणे ही त्याची लक्षणे. अवस्था खरी आहे, पण नावावर पुढे आक्षेप आला. चुकीपायी ज्यांचे माणूस गेले त्यांनी विचारले, की चूक करणाराही बळी कसा? आक्षेप रास्त आहे आणि दुसरा तितकाच नेमका शब्द अजून रुळलेला नाही.

या साऱ्याच्या आधीचे एक निरीक्षण मात्र आजही ताजे वाटते. इझाबेल मेन्झीस यांनी १९६० मध्ये लंडनमधल्या एका अध्यापन रुग्णालयातल्या परिचारिकांवर निबंध लिहिला. तिथे काम लहान लहान तुकड्यांत वाटलेले होते. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे बदलायची. रुग्णाचा उल्लेख नावाने होण्याऐवजी ‘दहा नंबरचे लिव्हर’ असा व्हायचा. मेन्झीस यांच्या मते ही रचना मृत्यू आणि वेदना यांच्या धास्तीपासून परिचारिकांना वाचवण्यासाठी नकळत उभी राहिली होती. पण रुग्णाशी नाते जुळू न देणारी भिंत समाधानही आत येऊ देत नव्हती. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्ध्यावर सोडत होत्या. ताणावरचा उपायच ताणाचे कारण होऊ शकतो, हे तिथे प्रथम इतके स्वच्छ दिसले.

मोजणी

जीवनगुणवत्तेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसरविषयक असे तिचे चार भाग. ती कोणालाही लागू पडते. सेवाव्यवसायासाठी बेथ स्टॅम यांची ३० विधानांची वेगळी प्रश्नावली आहे. तिच्यात बर्नआउट आणि दुसऱ्याच्या आघातातून येणारा ताण यांच्या जोडीला करुणेचे समाधान, म्हणजे मदत करण्यातून मिळणारा आनंद, हेही मोजतात. ही भर महत्त्वाची आहे, कारण एकाच पाळीत, एकाच माणसाच्या ठायी, थकवा आणि समाधान दोन्ही असू शकतात. बारा तास उभी राहून घरी निघालेली सुईण पायांनी मोडलेली आणि मनाने तृप्त असते, आणि तिला एकच आकडा विचारला तर ती काय सांगणार?

मोजणीची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. डॉक्टरांमधील बर्नआउटच्या १८२ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत बर्नआउटचे प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही होते, आणि बर्नआउट कशाला म्हणायचे याच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या. म्हणून ‘निम्मे डॉक्टर होरपळलेले’ अशा मथळ्यापुढे कोणती फूटपट्टी वापरली, हा प्रश्न आधी विचारावा. शिवाय जे सर्वाधिक खचले ते बहुधा नोकरी सोडून गेलेले असतात आणि ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही ते प्रश्नावली भरत नाहीत.

कामाची रचना

कारणांमध्ये सर्वांत भक्कम पुरावा मनुष्यबळाचा आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. परिचारिकेचे आणि रुग्णाचे हित एकाच आकड्यात बांधलेले आहे, हे त्यातून दिसले. कॅलिफोर्नियाने एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचा कायदा १९९९ मध्ये केला आणि २००४ पासून तो लागू झाला. अतिदक्षता विभागात ही मर्यादा दोन रुग्णांची आहे.

कामाच्या तासांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यानंतर काही तासांत मरण पावली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर सलग लांबच्या ड्युटीवर होते. पत्रकार असलेल्या तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरले आणि १९८९ मध्ये त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा आली. संपूर्ण अमेरिकेत ८० तासांचा नियम २००३ मध्ये आला. युरोपीय संघाची मर्यादा सरासरी ४८ तासांची आहे. ८० तासांना सुधारणा म्हणावे लागते, यावरूनच आधीच्या परिस्थितीची कल्पना यावी. अतिदक्षता विभागातील इंटर्नवर झालेल्या २००४ च्या एका प्रयोगात जुन्या लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. तरीही तास कमी केले की सगळे सुधारते असे नाही. पाळ्या लहान झाल्या की हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याचे प्रसंग, वाढतात, आणि माणसे न वाढवता तास घटवले तर तेच काम कमी वेळात कोंबावे लागते. शस्त्रक्रिया विभागांतल्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत लवचीक, म्हणजे लांब पाळ्यांना मुभा देणाऱ्या, वेळापत्रकामुळे रुग्णांचे नुकसान वाढल्याचे दिसले नाही. मात्र त्या गटातले निवासी डॉक्टर आपल्याला स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी वेळ मिळत नसल्याचे अधिक सांगत होते.

रात्रपाळीचा हिशेब शरीर वेगळा ठेवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘संभाव्य कर्ककारक’ गटात २००७ मध्ये घातले आणि २०१९ च्या फेरविचारातही तिथेच ठेवले. सुई टोचणे, रुग्णाला उचलताना कंबर जाणे, संसर्ग ही या पेशाची जुनी दुखणी. हिंसाही तशीच: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्यकर्मींवर कारकिर्दीत कधी ना कधी शारीरिक हल्ला होतो. शिवीगाळ आणि धमक्या यात धरलेल्या नाहीत.

कागदपत्रांचे ओझे संगणकाने हलके होईल अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील एका निरीक्षणात (२०१६) डॉक्टरने रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात गेले. उरलेले काम रात्री घरी. तिथल्या डॉक्टरांनी या रात्रीच्या नोंदींना ‘पायजमा टाइम’ असे नाव दिले आहे. जगातल्या आरोग्य व शुश्रूषा क्षेत्रात सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत; ड्युटी उतरल्यावर घरची पाळी सुरू होणाऱ्यांचे तास या मोजदादीत येत नाहीत.

कोविड-१९ च्या साथीने यातले काहीच नव्याने निर्माण केले नाही, पण सगळे एकदम उघडे पाडले. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य व शुश्रूषाकर्मी या रोगाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाल्कनीतून टाळ्या वाजल्या, आणि अनेकांना त्या टाळ्यांपेक्षा धड बसणारा मास्क हवा होता.

मदत मागण्यातले अडथळे

रुग्णाला ‘अंगावर काढू नका’ म्हणणारा डॉक्टर स्वतःचा ताप अंगावर काढतो. रजा घेतली तर सहकाऱ्यावर भार पडणार, ही अडचण खरीच असते. मानसिक त्रास असेल तर भीती आणखी वाढते. अमेरिकेतील अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जावर मानसिक आजाराबद्दल विचारले जाई, त्यामुळे उपचार घेणे म्हणजे परवाना धोक्यात घालणे असे वाटे. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केल्यानंतर कुटुंबीयांनी हाच मुद्दा पुढे आणला, आणि त्यांच्या नावाने आरोग्यकर्मींच्या मानसिक आरोग्यासाठीचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला.

उपाय

उपायांचे दोन ढोबळ प्रकार: माणसाला सावरणारे (ध्यान, समुपदेशन, ताण हाताळण्याचे प्रशिक्षण) आणि काम बदलणारे (पाळ्या, मनुष्यबळ, नोंदींची पद्धत, निर्णयांतला वाटा). डॉक्टरांवरील अभ्यासांच्या २०१६ च्या एका आढाव्यात दोन्ही मिळून बर्नआउटचे प्रमाण ५४ वरून ४४ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात संस्थेने केलेल्या बदलांचा परिणाम अधिक दिसला. रुग्णालये मात्र पहिल्या प्रकाराकडे झुकतात, कारण तो स्वस्त आहे. रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरला ताणमुक्तीच्या कार्यशाळेसाठी तासभर थांबवणे, हा त्यातला अनेकांना परिचित असलेला विनोद.

बोलण्याला जागा देणारे दोन प्रयोग टिकले आहेत. मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट सुरू केले; त्यांत रुग्णाच्या रोगापेक्षा डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यावर चर्चा होई. श्वार्ट्झ राउंडमध्ये सर्व हुद्द्यांचे कर्मचारी एकत्र बसून कामाच्या भावनिक बाजूबद्दल बोलतात. बॉस्टनमधील वकील केनेथ श्वार्ट्झ यांना कर्करोगाच्या उपचारांदरम्यान कर्मचाऱ्यांच्या लहानशा आपुलकीने दिलासा मिळाला, त्यातून त्यांच्या नावाची संस्था १९९५ मध्ये उभी राहिली. धोरणाच्या पातळीवर, रुग्णाचा उत्तम अनुभव, उत्तम लोकआरोग्य आणि कमी खर्च या आरोग्यसेवेच्या तीन उद्दिष्टांना टॉमस बोडेनहायमर आणि ख्रिस्टीन सिन्स्की यांनी २०१४ मध्ये चौथे जोडले: सेवा देणाऱ्यांचे कामातले जीवन.

एक मोठा गट या सगळ्याच्या काठावर राहिला आहे. वॉर्ड पुसणारे, मृतदेह हलवणारे, रुग्णाच्या घरी एकट्याने दिवस काढणारे मदतनीस यांच्यावरचे संशोधन तुलनेने तुटपुंजे आहे. प्रश्नावल्या परिचारिका आणि डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून घडल्या, त्यामुळे त्यांतली ‘माझे रुग्ण’ अशी विधाने या लोकांना लागू होतात की नाही, हेच धड ठरत नाही. गोळ्या लिहून देण्याचा हक्क नसलेला सफाई कामगार एखाद्या एकाकी रुग्णाशी रोज दोन शब्द बोलतो, आणि एके सकाळी ती खाट रिकामी दिसते. ती बातमी त्याला द्यायला कोणी येत नाही.