साडेबाराचं ऊन आणि खो-खो

मे महिन्यातल्या शिबिरात खो-खोचे फोटो पहिल्यांदा काढले, घरी येऊन पाहिले, तर एकाही मुलीला डोळे नव्हते. होते, पण भुवयांखाली नुसते दोन काळे खड्डे. चुन्याच्या रेघा आणि पांढरे टी-शर्ट मात्र कोऱ्या कागदासारखे. एवढं लख्ख ऊन, आणि चेहराच दिसेना!

पुणे साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 13 मेच्या आसपास सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि खो-खोच्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच गडप होते. तीही बाराच्या ठोक्याला नाही, साडेबाराच्या सुमारास. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला जवळपास नऊ अंश. असा सरळ वरून प्रकाश पडला की कपाळ, नाकाचा शेंडा आणि खांदे तळपतात, बाकी चेहरा अंधारात.

मैदानावर उभं असताना हे आपल्याला खटकत नाही. दृष्टिपटलाचा प्रत्येक भाग आपापल्या उजेडाशी जुळवून घेतो, उरलेलं मेंदू सांभाळतो. कॅमेऱ्याला अख्ख्या चौकटीसाठी एकच माप. सेन्सरवरचा पिक्सेल म्हणजे पागोळीखाली ठेवलेली वाटी समजा. भरून वाहायला लागली की किती सांडलं ते कधीच कळत नाही. पांढऱ्या टी-शर्टाचं तेच होतं. तळाशी थोडंच पाणी असेल तर ते मोजता येतं, फक्त माप जरा डळमळीत येतं. सावलीतला भाग उजळला की दिसणारे दाणे ते हेच. म्हणून उन्हात मी टी-शर्टाची वीण दिसेल इतपतच एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, ठेवतो आणि चेहरे नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, वर काढतो.

एका बाबतीत हे ऊन उदार आहे. कडक उन्हात एफ 16 (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ 100 (प्रकाशाला संवेदनशीलता) असेल तर शटर 1/100 सेकंद उघडं, हा फिल्मच्या काळातला ठोकताळा. छिद्र एफ 4 केलं की प्रकाश 16 पट, म्हणजे शटर 1/1600. सेकंदाला 7 मीटर धावणारी मुलगी तेवढ्या वेळात साडेचार मिलिमीटरसुद्धा सरकत नाही.

आता माती. कोरडी, फिकी माती ऊन वर परतवते आणि भुवयांखालचे खड्डे थोडे भरून काढते. पण सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात. ओली माती काळपट होते, कारण कणांमधल्या पाण्यामुळे प्रकाश आतच अडकतो. चेहऱ्याला मिळणारी ही फुकटची मदत गेली! मी कुरकुर करायचो, पण लांब पल्ल्याची लेन्स घेतल्यावर गप्प बसलो. तापलेल्या कोरड्या जमिनीवरची हवा थरथरते. गरम आणि थंड हवेचे झोत प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात. फोकस अचूक, शटर वेगवान, तरी पलीकडच्या खांबाजवळची मुलगी पाण्यात बुडाल्यासारखी दिसते, आणि त्यावर कॅमेऱ्यात कुठलंही बटण नाही. ओली जमीन बाष्पीभवनाने निवते आणि थरथर कमी होते. नाहीतर उठून जवळ जाऊन बसावं.

सकाळी आठला मात्र मी सूर्याकडे तोंड करून बसतो, लेन्सला हूड, म्हणजे उन्हाची तिरीप अडवणारी झडप, लावून. मुलींचे चेहरे सावलीत, पण सगळे सारखेच सावलीत, त्यामुळे एक्स्पोजर वाढवून छान उमटतात. केसांच्या कडा थोड्या जळतात, जळू देत. त्यात कोणी खांबावर सूर मारला की उडालेली धूळ पेटल्यासारखी दिसते, कारण धुळीचे कण प्रकाश जास्त करून पुढच्याच दिशेला विखुरतात. सूर्य पाठीशी घेऊन काढला तर तोच सूर नुसता मळकट येतो.

अर्थात मैदानावर पाणी मारायचं राहिलं असेल तरच. त्या दिवशी प्रशिक्षक वैतागलेले असतात आणि माझं कार्ड भरलेलं असतं.